दहा हजार तळ्यांच्या राज्यात होडी बघणं

अमेरिकेच्या नकाशात अगदी वर, कॅनडाला टेकून मिनेसोटा नावाचं राज्य आहे. इथल्या मोटारींच्या नेहमीच्या नंबरपाटीवर '१०,००० तळी' असे शब्द छापलेले असतात. जाहिरात म्हटली की थोडं फुगवून सांगणं आलंच, असं आपल्याला वाटतं. पण इथला प्रकार उलटा. दहा एकर आणि त्याहून मोठी तळी सरकारी खात्याने मोजली, ती भरली ११,८४२! मग आपल्याकडे जशी दारोदार सायकल, तशी इथे दारोदार होडी दिसली तर नवल नाही. कुठे मागच्या अंगणात उपडी घातलेली, कुठे ट्रेलरवर चढवून ताडपत्रीखाली झाकलेली. त्यातल्या बऱ्याचशा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात.

तुम्ही म्हणाल, अ‍ॅल्युमिनियमचे डबे ऐकले, पातेली ऐकली, होडी कुठली? मलाही इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी इकडे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा भरमसाट लागायचा. लढाई संपली आणि कारखान्यांपुढे प्रश्न पडला, आता करायचं काय? नौदलाची विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने १९४५ मध्ये तशाच पत्र्याच्या लहान होड्या काढल्या. आमच्या मिनेसोटातल्या अल्युमाक्राफ्ट आणि क्रेस्टलायनर या दोन्ही कंपन्या १९४६ सालच्या. पत्र्याच्या कडा एकावर एक ठेवून रिव्हेट ठोकायची रीतही विमानांचीच. पुढे वेल्डिंगच्या होड्या आल्या, पण जुन्या लहान होड्या बघायला गेलात तर रिव्हेटच्याच जास्त दिसतील.

या पत्र्याचा मोठा गुण असा, की गोड्या पाण्यात तो वर्षानुवर्षं टिकतो. पोचे येतात, पण पोचे आलेलं पातेलं आपण टाकून देतो का? तेव्हा चाळीस वर्षांची होडीही अंगाने धडधाकट असू शकते. तिच्यात जे जे अ‍ॅल्युमिनियमचं नाही, ते मात्र म्हातारं होतं. मागच्या फळीतलं लाकूड, बाकांखालचा फोम, ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग, मोटरचं रबर. जुनी होडी बघायची म्हणजे खरं तर हे सगळं बघायचं.

आता आमच्या घरातली हकिगत सांगते. ह्यांचं लहानपण देवगडचं, खाडीत डुंबण्यात गेलेलं. माझं माहेर सोलापूरचं. पाणी म्हटलं की ते नळाला किती वाजता येणार, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. मला पोहता येत नाही. मुलगा आठ वर्षांचा, धाकटी पाच वर्षांची. दोघं अजून तरणतलावाच्या उथळ बाजूलाच. अशा घरात ह्यांनी एक दिवस जाहीर केलं, "यंदा बाबा जुलैत येतायत. त्यांना तळ्यावर मासे धरायला न्यायचं. आपण जुनी होडी घेऊ." दोन हजार डॉलरपर्यंत जायचं असं ठरलं. त्यातले निम्मे मी अर्धवेळ शिकवून साठवलेले होते, तेव्हा मत द्यायचा मला पुरेपूर अधिकार होता.

होड्या विकायला निघतात त्या एप्रिलमध्ये. इथल्या सर्वांत प्रिय माशाला वॉलाय म्हणतात. १९६५ पासून तो मिनेसोटाचा राज्यमासा आहे. त्याचा हंगाम मेच्या मध्यावर एका शनिवारी उघडतो, आणि त्या दिवशी निम्मं राज्य पाण्यावर असतं की काय असं वाटतं. त्याआधी होडी हवी म्हणून एप्रिलमध्ये गडबड. गंमत म्हणजे एप्रिलमध्ये उत्तरेकडच्या तळ्यांवर बर्फ असतोच. म्हणजे होडी घ्यायची, पण ती पाण्यात घालून बघायची सोय नाही! मुलगी न बघता लग्न ठरवण्यासारखंच हे. म्हणून कोरड्या जमिनीवर परीक्षा घ्यायच्या इथल्या लोकांच्या काही रीती आहेत. त्या मी आमच्या शेजाऱ्यांकडून वहीत उतरवून घेतल्या होत्या.

दोन जाहिराती पसंत पडल्या. एका शनिवारी मुलांना घेऊन, पोळीभाजीचे डबे बांधून आम्ही मिनियापोलिसहून १६९ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला निघालो. तासाभरात शेतं विरळ होतात आणि देवदारासारखी सरळसोट झाडं, पांढऱ्या सालीचे बर्च दिसू लागतात. मधूनमधून रम नावाची नदी सोबत करते. एका आमिषाच्या दुकानाशी थांबलो. आमिषाचं दुकान म्हणजे गळाला लावायचे जिवंत मासे, गांडुळं आणि चक्क जळवा विकणारं दुकान! दूध-लोण्यासारख्या जळवा फ्रिजमध्ये, झाकणाच्या वाटीत, डझनाच्या हिशेबाने. धाकटीने विचारलं, "आई, हे कोण खातं?" मी म्हटलं, "मासे खातात, आणि मासे आपण खातो." तिने त्या दिवशी डब्यातली भाजीसुद्धा संशयाने खाल्ली.

पहिली होडी ओनामिया गावाच्या बाजूला, एका तरुण मुलाच्या अंगणात. बारा फुटी, सपाट तळाची. हिला इथे जॉन बोट म्हणतात. नुकताच हिरवा रंग दिलेला, अगदी नवी कोरी वाटावी अशी. किंमत मोटरशिवाय नऊशे डॉलर. वजन साठेक किलो, म्हणजे दोघांनी उचलून मोटारीच्या टपावर बांधता येईल. ट्रेलर नको, ट्रेलर ठेवायला जागा नको. ह्यांचे डोळे चमकले. आम्ही राहतो त्या वसाहतीत दारापुढे ट्रेलर उभा करायला मनाई आहे, त्यामुळे ही सोय लहान नव्हती.

मी आत चढून बघितलं. सपाट तळाची होडी पायाखाली हलत नाही. मुलंही आनंदाने उड्या मारू लागली. स्थिर पाण्यात, लव्हाळ्यांत, उथळ तळ्यात ही होडी उत्तमच. तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण ह्यांनीच देवगडचा अनुभव सांगितला तो असा, की पाय ठेवल्यावर स्थिर वाटणं वेगळं आणि लाटेत स्थिर राहणं वेगळं. सपाट तळ लाटेवर आपटत जातो, आणि हिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बुटकं आणि बोथट. लाट अंगावर आली की पाणी सरळ आत.

मग मी वही काढली. पहिलं काम, आतल्या पत्र्याच्या पट्टीचं वाचन. १ नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या, वीस फुटांपेक्षा लहान अशा होड्यांवर एक पट्टी लावावी लागते. किती माणसं, किती वजन, किती ताकदीची मोटर, सगळं त्यावर असतं. या होडीच्या पट्टीवर होतं: ३ माणसं किंवा ४०० पौंड.

"बघ," हे म्हणाले, "आपण चौघं मिळून ३९१ पौंड. बसतोय की!"

"अहो, आधी तीन माणसं लिहिलंय ना?"

"दोन मुलं म्हणजे एक माणूस धर."

इथे मात्र मी अडून बसले. एसटीत मुलाला अर्धं तिकीट असतं, होडीत नसतं. मोठं माणूस सांगितलेल्या जागी बसून राहतं, पाच वर्षांची पोर मासा दिसला की एका बाजूला धावते. तिचं वजन चाळीस पौंड असेल, पण तिच्यामागे धावणाऱ्या आईचं १२८ आहे. आणि मामंजी धरले तर आकडा ५३१ वर जातो, त्याचं काय? हे गप्प झाले.

दुसरी गोष्ट तो हिरवा रंग. रंग देणं वाईट नाही, पण ताज्या रंगाखाली रिव्हेट दिसत नाहीत. मागच्या उभ्या फळीला ट्रान्सम म्हणतात. मोटर तिथेच अडकवतात, म्हणून पत्र्याच्या आत जाड प्लायवूड घातलेलं असतं, आणि तेच आधी कुजतं. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघितलं. नारळ घेताना आपण वाजवतो ना, तसं. वरच्या कडेला टणटणीत आवाज आला, खाली कोपऱ्यात मात्र भद्द. बाकाखालचा फोमही बोटाने दाबल्यावर ओला लागला. हा फोम शोभेचा नव्हे. होडी पाण्याने भरली तरी तिने तळाला जाऊ नये म्हणून तो असतो, आणि पाणी प्यायलेला फोम उलट ओझंच होतो. तो मुलगा भला होता. त्याने स्वतःच सांगितलं, "मी एकटा बदकांच्या शिकारीला नेतो, मला कधी अडचण आली नाही." खरंच असणार. एका माणसाला, चिमुकल्या तळ्यावर ती पुरेशीच होती.

तिथून पुढे निघालो आणि रस्ता मिल लॅक्स सरोवराच्या काठाने जाऊ लागला. सरोवर कसलं, समुद्रच तो! दोनशे चौरस मैलांहून मोठा विस्तार, पलीकडचा काठ दिसत नाही. अजून पांढऱ्या बर्फाने झाकलेला होता. या पाण्यावर ओजिब्वे लोकांची वस्ती फार जुनी, त्यांचं म्युझियमही काठावरच आहे. हे सरोवर एवढं अफाट, पण खोल किती? जास्तीत जास्त ४२ फूट. मला आधी वाटलं उथळ म्हणजे बरं. पण उथळ आणि अफाट पाण्यावर वारा सुटला की लाटा भराभर उभ्या राहतात, त्याही आखूड आणि उंच. लहान होडीची एका लाटेतून सुटका होते न होते तोच दुसरी. गॅरिसन गावात काठावर वॉलाय माशाचा भला मोठा पुतळा आहे. मुलं त्याच्यापाशी फोटोला उभी राहिली आणि मी त्या पांढऱ्या विस्ताराकडे बघून मनाशी ठरवून टाकलं, की होडी कुठलीही घेतली तरी इथे आणायची नाही.

गॅरिसनहून १८ नंबरचा रस्ता ब्रेनर्डला जातो. वाटेत पॉल बन्यन नावाच्या दंतकथेतल्या लाकूडतोड्याची बसलेली महाकाय मूर्ती आहे. ती मुलांशी नाव घेऊन बोलते! उन्हाळ्याशिवाय मात्र नाही, त्यामुळे मुलांची समजूत घालता घालता पुरेवाट झाली.

दुसरी होडी ब्रेनर्डच्या अलीकडे एका आजींकडे होती. आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले, मुलं शहरात, म्हणून विकायची. चौदा फुटी, पुढून निमुळती, तळाला उतरता कोन असलेली. रंग कधीच उडालेला, उजव्या कुशीला ताटाएवढा पोचा. ट्रेलर आणि दहा हॉर्सपॉवरला थोडी कमी अशी जुनी मोटर धरून अठराशे डॉलर. दिसायला म्हणाल तर हिरवीपुढे ही अगदीच पोक्त बाई. आणि आत पाय ठेवला की डुलायची! धाकटी माझ्या पदराला, म्हणजे स्वेटरला, चिकटली.

पण आजींनी आधी आम्हाला आत बोलावून कॉफी दिली, ताटलीभर गोड वड्या पुढे केल्या (इथे त्यांना बार्स म्हणतात), आणि स्वयंपाकघराच्या खणातून एक वही काढून दिली. दर वसंतात चाकांच्या बेअरिंगना ग्रीस कधी भरलं, मोटरचं तेल कधी बदललं, कुठल्या साली कुठला रिव्हेट घट्ट केला, सगळं तारीखवार. २०११ मध्ये मागच्या फळीतलं प्लायवूड नवं घातलं, त्याची पावती टाचलेली. आपल्या घरच्या दुधाच्या हिशेबासारखी ती वही बघून माझं निम्मं मत तिथेच झालं, पण परीक्षा सोडली नाही.

आजींनीच नळी लावली. कोरड्या जमिनीवर होडी गळते का, हे बघायची रीत आपल्या माठासारखीच. बाहेरून पाणी आत येतं का ते बघायचं नाही, आत पाणी भरून बाहेर कुठे ठिबकतं ते बघायचं. मात्र काठोकाठ भरायचं नाही, नाहीतर वजनाने ट्रेलर बसेल. चार बोटं पाणी पुरतं. अर्धा तास थांबलो. खालून दोन रिव्हेटपाशी थेंब जमले, हळूहळू गळू लागले. मी खडूने खुणा केल्या. आजी म्हणाल्या, "वहीत आहेत ते दोन्ही. एवढं पाणी मी डब्याने काढत असे." रिव्हेट आतून-बाहेरून ठोकून घट्ट करता येतो, नाहीच झाला तर बदलता येतो. ठिबकणारे दोन रिव्हेट ही काही नापसंतीची गोष्ट नव्हे. मला भीती वाटते ती जिथे शिवणीवरून जाड लेप फासलेला असतो त्याची.

ट्रान्सम ठोकला, खालपासून वरपर्यंत एकसारखा आवाज. मोटर धरून हे जोराने वरखाली हलवून बघत होते आणि मी फळीकडे बघत होते. ती वाकली नाही. मोटरचं खालचं टोक पाणी भरलेल्या पिंपात बुडवून ती सुरू केली. मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार सुरू झाली म्हणजे मोटर थंड ठेवणारा पंप चालू आहे असं समजायचं. गिअरचं तेल चार थेंब काढून बघितलं. ते ताकासारखं दिसलं असतं तर आत पाणी शिरलंय असं समजलो असतो. तसं काही नव्हतं. ट्रान्समच्या उजव्या वरच्या बाजूला होडीचा क्रमांक कोरलेला असतो, शेवटचे दोन आकडे तिच्या सालाचे. ते होते ८६. नोंदणीच्या कार्डावरचा क्रमांक तोच आहे ना, ते मी अक्षर अन् अक्षर ताडून बघितलं. आणि पट्टी? ५ माणसं किंवा ६२० पौंड. मोटर-सामानासकट ८५० पौंड. आम्ही पाच जण ५३१, मोटर ७५, भरलेली पेट्रोलची टाकी ४५. तरीही दोनशेच्या आसपास पौंड हाताशी राहत होते, नांगराला, गळांना आणि माझ्या डब्यांना.

परतताना मोटारीत दोन तास वाद. ह्यांचा मुद्दा ट्रेलरचा. ठेवणार कुठे? नऊशे डॉलर वाचतात ते वेगळेच. माझं म्हणणं असं, की त्या नऊशेत मोटर धरली नाही. ती घातली की फरक उरतच नाही, आणि फळी बदलायची वेळ आली तर उलट तीच महाग. राहिली जागा. घरी पोचल्याबरोबर मी शिवणाच्या डब्यातली टेप काढून गॅरेज मोजलं. वीस फूट चार इंच खोल. आजींच्या अंगणात ट्रेलरच्या दांड्यासकट होडी मी आधीच मोजून ठेवली होती, सतरा फूट आठ इंच. भिंतीलगतची कपाटं वर टांगली, मुलांच्या सायकली छताला अडकवल्या, की एका बाजूला होडी आणि दुसऱ्या बाजूला मोटार राहणार होती. ह्यांनी टेप पुन्हा लावून बघितली. मग म्हणाले, "आजींना फोन कर."

आजींनी पन्नास डॉलर आपण होऊन कमी केले. सोळा फुटांपर्यंतच्या होडीला इथे मालकीचा वेगळा दाखला लागत नाही. नोंदणीच्या कार्डावर सह्या करून ते आमच्या नावावर करून घेतलं. एक मात्र सांगितलं पाहिजे. होडी रस्त्याने नेताना तळाचं बूच काढून ठेवायचं, असा इथे कायदा आहे. एका तळ्यातल्या उपद्रवी शिंपल्या आणि शेवाळ पाण्याबरोबर दुसऱ्या तळ्यात जाऊ नये म्हणून. ते बूच पुन्हा लावायला विसरलं की होडी उतारावरच पाणी प्यायला लागते. आमच्याकडे ते बूच मोटारीच्या किल्लीलाच बांधलेलं असतं.

उरलेल्या पैशांतून जाकिटं आली, पाच. इथे चालत्या होडीत दहा वर्षांखालच्या मुलाच्या अंगात जाकीट असलंच पाहिजे. मोठ्यांनी जवळ ठेवलं तरी कायद्याला चालतं. ह्यांचं म्हणणं, "मी खाडीत वाढलोय, मला कशाला?" पण देवगडचं पाणी आणि बर्फ वितळून तीन आठवडे झालेलं पाणी एक कसं होईल? एवढ्या थंड पाण्यात अचानक पडलं की माणूस आपोआप मोठ्याने श्वास ओढतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर पट्टीचा पोहणाराही गुदमरतो. हातपाय तर काही मिनिटांतच बधिर होतात. आमच्या होडीत काठ सोडायच्या आधी सगळ्यांची जाकिटं बांधलेली असतात. ह्यांचा बंद मी स्वतः ओढून बघते.

हंगाम उघडायचा शनिवार-रविवार बहुतेक वर्षी इथल्या मातृदिनाला जोडून येतो, आणि मातृदिनाच्या त्या दोन दिवसांत मिनेसोटातल्या आयांना मासे धरायला परवाना लागत नाही. मीही गळ धरला. जळू लावायचं काम मात्र मुलाने केलं. वॉलायचे डोळे मांजरासारखे चमकतात, त्याला अंधुक उजेडात चांगलं दिसतं, म्हणून तो संध्याकाळी लागतो. परतायला अंधार होतो, तेव्हा लाल-हिरवा दिवा होडीत हवाच. तोही आजींनी दिलेल्या खोक्यात निघाला. मासा फार रुचकर, काटे काढले की पांढरेशुभ्र तुकडे. हळद-मीठ, आगळ आणि मालवणी मसाला लावून, रव्यात घोळवून तळले, तर शेजारच्या घरातून वासावर विचारणा झाली.

जुलैत मामंजी आले. दुसऱ्याच दिवशी गॅरेजमध्ये जाऊन त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, पोच्यावरून हात फिरवला, बोटांनी पत्रा वाजवला. देवगडला लहान होडीला बाजूने उलांडी असते, लाटेत आधाराला. ती शोधत म्हणाले, "हिका उलांडी खंय?" मग तळाचा कोन आणि दोन्ही कुशींची उंची बघून त्यांचं त्यांनाच उत्तर मिळालं असावं, कारण पुढचा प्रश्न "वल्ही खंय?" असा होता. ब्रेनर्डजवळच्या एका लहान तळ्यावर आम्ही पाचही जण गेलो. मोटर बंद करून त्यांनी वल्ही हातात घेतली, आणि बहात्तराव्या वर्षी ती जड होडी काठाकाठाने अशी नेली, की बाकावर ठेवलेला माझा चहाचा पेला हिंदकळलासुद्धा नाही. दुपारी वारा वाढून पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागले, तेव्हा आधी तेच म्हणाले, चला काठाला. धाकटी रडत उतरली, तिला अजून बसायचं होतं.